वाचकांचे प्रश्न : मराठी वाचणारा आणि मराठी ऐकणारा संगणक

मासिकाची श्राव्य आवृत्ती काढण्याविषयीचे एक छोटे निवेदन गेल्या अंकात छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी श्राव्य आवृत्तीच्या पुढचा प्रश्न विचारला आहे. संगणकाने आणि फोनने मराठी वाचून दाखवावे, आपले मराठी बोलणे लिहून घ्यावे, यासाठी काय उपलब्ध आहे, त्याला खर्च किती येतो आणि ते चालत नाही तेव्हा दाद कोणाकडे मागायची, असे या पत्रांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न छापता फक्त परिसर दिला आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गावाहून पुण्यात आला. रेटिनायटिस पिगमेंटोजामुळे त्याची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. विकत मिळणाऱ्या वाचन सॉफ्टवेअरची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून एका मित्राने त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर बसवून दिले. ते इंग्रजी व्यवस्थित वाचते, परंतु क्लासच्या मराठी नोट्स उघडल्या की निरर्थक इंग्रजी अक्षरे वाचत सुटते आणि काही फाइलींवर तर गप्पच बसते. फुकटचे सॉफ्टवेअर असल्यामुळे असे होते का? — सदाशिव पेठ

नाही. आपल्या भावाच्या हाती आलेले साधन उत्तम आहे. दोष त्या नोट्स ज्या पद्धतीने तयार झाल्या त्या पद्धतीत आहे.

एनव्हीडीएची सुरुवात २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या तरुणाने केली. तो स्वतः पूर्ण दृष्टिहीन होता आणि डोळस माणसाला जो संगणक विकत घेताच वापरता येतो, तो वापरण्यासाठी अंध माणसाने आणखी मोठी रक्कम का मोजावी, हा त्याचा साधा सवाल होता. जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र या कामात सामील झाला आणि दोघांनी मिळून एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था उभी केली. विंडोजवर चालणारे हे सॉफ्टवेअर विनामूल्य तर आहेच, शिवाय त्याचा स्रोतही खुला आहे, म्हणजे ते कसे चालते हे कोणालाही पाहता येते, त्यात सुधारणा करता येते आणि ती सुधारणा इतरांना देता येते. ते पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या संगणकावरही, तेथे काहीही न बसवता, चालवता येते. अभ्यासिकेत किंवा सायबर कॅफेत बसणाऱ्या विद्यार्थ्याला याचा फार उपयोग होतो.

आता नोट्सकडे वळू. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला त्याचा स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीची, सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच आपल्याकडे डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा, व्यवसाय बहरला होता आणि मराठी छपाई ज्या फाँटांवर चालू होती त्यांत मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी होते. टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरील एका प्रचलित जुन्या फाँटमध्ये ‘कमल’ हा शब्द टंकला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरे साठवली जातात आणि फाँट त्यांच्यावर क, म, ल यांची चित्रे चढवतो. डोळस वाचकाला ‘कमल’ दिसते. वाचन सॉफ्टवेअर मात्र चित्र पाहत नाही, साठवलेले अक्षर पाहते. त्यामुळे आपल्या भावाला ‘डे’ असे काहीतरी ऐकू येते. सॉफ्टवेअर कितीही महागाचे घेतले तरी यात फरक पडणार नाही.

कोणती फाइल कशी आहे हे ओळखण्याची सोपी परीक्षा अशी. पीडीएफमधील एक ओळ निवडून कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. मराठी ओळ मराठीच उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे आणि एनव्हीडीए ती वाचेल. इंग्रजी अक्षरांचा काला उमटला तर ती जुन्या फाँटमध्ये आहे. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. फाँटचे नेमके नाव कळले की निम्मे काम झाले, कारण प्रत्येक फाँटची अक्षरमांडणी वेगळी असते. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे, म्हणूनच त्यावर सॉफ्टवेअर गप्प बसते. तेथे चित्रातील अक्षरे ओळखणारे साधन लागते. टेसरॅक्ट हे त्यांतील जाणते मुक्त सॉफ्टवेअर आहे. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात त्याचा जन्म झाला, २००५ साली ते खुले झाले आणि त्याचा मराठी भाषासंच उपलब्ध आहे. पान सपाट ठेवून, इंचाला तीनशे ठिपके या दर्जाने स्कॅन केले तर छापील मराठी ते चांगले ओळखते. जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरे मात्र एकदा डोळस व्यक्तीने तपासून घ्यावीत, कारण अभ्यासाच्या मजकुरात एखाद्या कलमाचा किंवा सनाचा अंक चुकला तर त्याची किंमत परीक्षेत मोजावी लागते.

हे सारे केल्यावर एनव्हीडीएच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ईस्पीक एनजी या आवाजसंचातील मराठी आवाज निवडावा. पुष्कळजण हिंदी आवाजावर मराठी वाचतात आणि मग ‘ज्ञानेश्वर’चे ‘ग्यानेश्वर’ होते. टंकलेखनासाठी भावाला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवा. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजने अशी त्याची ठरलेली रचना आहे आणि न पाहता टंकणाऱ्याला ती बोटांत बसवणे सोपे जाते. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि १ ही कळ एकत्र दाबली की कोणती कळ काय करते हे सॉफ्टवेअर स्वतःच सांगू लागते. शिकण्याची सुरुवात तेथूनच करावी.

क्लासच्या संचालकांना आपण एक पत्र अवश्य लिहा. त्यांनी नोट्स ज्या मूळ फाइलींतून काढल्या, त्या फाइली त्यांच्याकडे असतातच. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक किंवा नोट्स करून देणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात झाली आहे. व्यक्तिगत वापर, शिक्षण आणि संशोधन यांसाठी ती सर्वांना लागू आहे, म्हणजे भावासाठी पुस्तक स्कॅन करणाऱ्या बहिणीलाही. तयार पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात त्याची नोंदणी करून ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी आता धूसर डाग दिसतो आणि डॉक्टरांनी मॅक्युलर डीजनरेशनचे निदान केले आहे. नातवाने फोनवर वाचून दाखवण्याची सोय करून दिली, पण तो आवाज इतका यांत्रिक आणि कोरडा आहे की दोन परिच्छेदांत मन विटते. शिवाय उच्चार! आयुष्यभर मुलांचे उच्चार सुधारले आणि आता हे ऐकायचे? याहून बरा मराठी आवाज नाहीच का? — सहकारनगर

बरा आवाज आहे, आणि आपल्याला तो आज मिळू शकतो. परंतु आपण उच्चारांचा जो विषय काढला आहे त्यावर जरा थांबून लिहायला हवे.

प्रथम सोय. अँड्रॉइड फोनवर बोलणारे इंजिन कोणते असावे हे निवडता येते. नातवाने बहुधा ईस्पीक बसवून दिले आहे. सेटिंगमध्ये जाऊन गूगलचे इंजिन आणि त्यातील मराठी आवाज निवडला तर तो माणसाच्या आवाजाच्या पुष्कळ जवळ जाणारा आहे. आपली दृष्टी पूर्ण गेलेली नसल्यामुळे टॉकबॅक हे संपूर्ण वाचन सॉफ्टवेअर चालू करण्याची घाई करू नका, कारण ते चालू केले की फोन हाताळण्याची पद्धतच बदलते. अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात ‘सिलेक्ट टू स्पीक’ नावाची सोय आहे. ती चालू करून जो मजकूर ऐकायचा त्यावर बोट ठेवले की तेवढाच वाचला जातो. वाचनाचा वेग थोडा कमी ठेवा.

मग तो कोरडा आवाज आहे तरी कशाला? ईस्पीक हा आवाज कोणाच्याही ध्वनिमुद्रणावरून केलेला नाही. तोंडाच्या पोकळीत ध्वनी कसा घुमतो याचे गणित मांडून तो दर क्षणाला नव्याने घडवला जातो. जोनाथन डडिंग्टन या इंग्रज प्रोग्रामरने १९९५ साली एका लहान संगणकासाठी त्याची पहिली आवृत्ती लिहिली आणि २०१५ च्या अखेरीपासून स्वयंसेवक त्याचा ईस्पीक एनजी हा पुढचा अवतार सांभाळत आहेत. या पद्धतीमुळे शंभराहून अधिक भाषा काही मेगाबाइटांत मावतात, जुन्या संगणकावरही कळ दाबताच आवाज उमटतो, आणि वेग तिप्पट-चौपट केला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. दिवसभर संगणकावर काम करणारे दृष्टिहीन लोक हा आवाज ज्या वेगाने ऐकतात तो वेग आपल्यासारख्या नवख्या कानाला शब्दही पकडू देत नाही. गोड आवाज त्या वेगाला तुटतो. कथा ऐकायची तर मधुर आवाज हवा आणि शंभर ईमेल चाळायच्या तर हा कोरडा आवाज हवा. दोन्हींना आपापली जागा आहे.

उच्चारांविषयी आपली तक्रार मात्र संपूर्ण रास्त आहे, आणि ती मराठी जाणणाऱ्यांनीच सोडवावी लागणार आहे. ‘चारचाकी’ हा एकच शब्द घ्या. त्यातील पहिला च तालव्य आणि दुसरा च दंततालव्य, परंतु लिहिताना दोन्ही सारखेच. ‘चिंच’मध्येही तेच. ज आणि झ यांचीही हीच गोष्ट. मराठी माणूस हे लहानपणी ऐकून शिकतो, यंत्राला मात्र शब्दागणिक सांगावे लागते. कोणता अ उच्चारायचा आणि कोणता गिळायचा, हाही असाच प्रश्न. संक्षेपांचा उपद्रव वेगळाच : ‘रु.’ किंवा ‘दि.’ यांच्यापुढील टिंबाला वाक्याचा शेवट समजून इंजिन थांबते, आणि दहा आकडी फोन क्रमांक कोटी-लाखांत वाचून दाखवते.

खुल्या स्रोताचे मोल येथे कळते. ईस्पीकचे मराठी उच्चारनियम आणि अपवादांची यादी या साध्या मजकुराच्या दोन फाइली आहेत, त्या कोणालाही उघडून वाचता येतात आणि त्यांत दुरुस्ती सुचवता येते. बंद सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा उच्चार ऐकून घेण्यापलीकडे किंवा कंपनीला कळवून वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. आपण संगणकतज्ज्ञ नसाल, पण जो कान आपण घडवला आहे त्याचीच या कामाला गरज आहे. चुकीचे उच्चारले जाणारे शब्द एका वहीत लिहीत जा, प्रत्येकासमोर योग्य उच्चार नोंदवा आणि नातवाला ती यादी प्रकल्पाकडे पाठवायला सांगा. अशा याद्या घरोघरी झाल्या तर मराठी आवाज काही वर्षांत बदलेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न : अपघातात मानेच्या मणक्याला इजा होऊन माझे दोन्ही हात निकामी झाले. बोलणे स्पष्ट आहे. मी पूर्वी हिशेबनीस होतो आणि घरून काम करू इच्छितो. केवळ बोलून संगणक चालवता येईल का, तोही मराठीत? — हडपसर

आपल्या प्रश्नात दोन कामे आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

बोललेले लिहून घेणे हे पहिले काम. गूगलने २०१७ साली मराठीसह आठ भारतीय भाषांत ही सोय दिली. फोनच्या कळफलकावर आणि गूगल डॉक्समध्ये ती चालते, आणि पत्रव्यवहारासाठी आपण आजच सुरू करू शकाल. मात्र आपले बोलणे कंपनीच्या यंत्रांपर्यंत जाते आणि इंटरनेट बंद पडले की काम थांबते. ग्राहकांचे हिशेब तोंडाने सांगणाऱ्या माणसाने याचा विचार करायला हवा. स्वतःच्याच संगणकावर चालणारे खुले पर्याय आता आहेत. ओपनएआयने २०२२ च्या सप्टेंबरात व्हिस्पर हे भाषण ओळखणारे मॉडेल खुले केले आणि साध्या संगणकावर चालणारी त्याची रूपे स्वयंसेवकांनी तयार केली. मराठी त्यात आहे, पण जे ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण ऐकवून ते घडवले त्यातील इंग्रजीखेरीज इतर भाषांतले बोलणे त्याच भाषेत लिहिलेल्या मजकुरासह असलेल्या भागाचा वाटा सर्व भाषा मिळून १,१७,००० तासांचा आणि त्यातही मराठीचा अगदीच नगण्य. मराठी लिहिताना ते अडखळते ते यामुळेच. आयआयटी मद्रासमधील एआयफॉरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खास घडवलेली इंडिक कॉन्फॉर्मर ही मॉडेले खुली केली आहेत आणि मराठीसाठी मी त्यांनाच प्राधान्य देईन. ती बसवायला जाणकाराची मदत लागेल.

दुसरे काम म्हणजे पडद्यावरचा दर्शक (कर्सर) हलवणे, खिडकी उघडणे, क्लिक करणे. यासाठीच्या आवाजी आज्ञा सध्या इंग्रजीत द्याव्या लागतात. आपल्या बाबतीत केवळ आवाजावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लेजरमधील एका चौकोनातून दुसऱ्यात जाण्यासाठी दिवसभर आज्ञा देत राहिले की घसा बसतो. मान थोडीफार वळत असेल तर एनेबल व्हायाकॅम हे खुले आणि विनामूल्य सॉफ्टवेअर पाहा. साध्या वेबकॅमने ते चेहऱ्याची हालचाल टिपते आणि तसा दर्शक हलवते. दर्शक एका जागी क्षणभर स्थिर ठेवला की क्लिक होते. आकडे मानेने निवडायचे आणि मजकूर तोंडाने सांगायचा, अशी वाटणी केली तर काम निभेल. मान किती वेळ वळवावी हे आपल्या फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा.

प्रश्न : रविवार पेठेत आमचे भांड्यांचे दुकान आहे. वडिलांना ऐकू येणे फार कमी झाले आहे. श्रवणयंत्र लावले तरी बाजाराच्या गोंगाटात गिऱ्हाईक काय म्हणते ते कळत नाही. — रविवार पेठ

गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर घ्या, भाषा मराठी निवडा आणि फोन गल्ल्यावर गिऱ्हाइकाच्या बाजूला, तोंडाच्या शक्य तितक्या जवळ राहील असा ठेवा. बोललेले शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटतात. गोंगाटात फोनच्या मायक्रोफोनपेक्षा वायरचा छोटा मायक्रोफोन गिऱ्हाइकाच्या दिशेने ठेवणे अधिक उपयोगी. किंमत आणि नग मात्र कॅल्क्युलेटरवर दाखवूनच पक्के करावेत.

प्रश्न : माझ्या पतींना स्वरयंत्राचा कर्करोग झाला असून पुढील महिन्यात शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढावे लागणार आहे. त्यानंतर ते फोनवर लिहून बोलू शकतील असे ऐकले. त्यांचाच आवाज फोनमधून यावा, असे काही करता येते का? — धायरी

या पत्राचे उत्तर अंकाची वाट न पाहता टपालाने पाठवले आहे. इतर कुटुंबांनाही उपयोग व्हावा म्हणून येथे छापत आहे.

करता येते, आणि त्यासाठीचा सगळा वेळ शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे. माणसाचे ध्वनिमुद्रण आणि त्याचा लिखित मजकूर हाताशी असला की त्यावरून संगणकीय आवाज घडवणारी मुक्त साधने आज उपलब्ध आहेत. आवाज पुढे सहा महिन्यांनी घडवला तरी चालेल, ध्वनिमुद्रण मात्र आत्ताच झाले पाहिजे.

घरातील सर्वांत शांत खोली निवडा, पंखा बंद करा, खिडक्या लावा, पडदे ओढा. ऑडॅसिटी हे खुले सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि फाइल दाबून लहान न करता वेव्ह स्वरूपातच साठवा. एक वाक्य, एक फाइल, आणि प्रत्येक वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवलेले. वर्तमानपत्रातील वाक्ये वाचून घ्या, पण त्यांबरोबर घरातील माणसांची नावे, गावांची नावे, अंक, वार, महिने आणि प्रश्नार्थक वाक्येही घ्या. ते थकले की थांबा. ताणलेला आवाज उपयोगाचा नाही. यांखेरीज काही वाक्ये निव्वळ वाजवण्यासाठी म्हणून, त्यांच्या नेहमीच्या लकबीत बोलून घ्या : ‘अगं, चहा झाला का?’, ‘मला आता पडू दे थोडा वेळ’, मुलीला मारायची ती विशिष्ट हाक. अशी वाक्ये फोनवर एकेका चित्राला जोडून ठेवता येतात. सीबोर्ड हे चित्रफलकांचे खुले अ‍ॅप याच कामासाठी आहे आणि ते ब्राउझरमध्येही चालते.

शस्त्रक्रियेनंतर बोलण्याचे इतरही मार्ग असतात. गळ्याला लावायचे कंपनयंत्र आहे, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची झडप आहे. त्यांविषयी शल्यविशारद आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा. फोनमधील आवाज या मार्गांच्या जोडीने वापरायचा आहे.

प्रश्न : मी जन्मतः अंध असून एका बँकेत काम करतो. आमच्या गृहसंकुलात पाहुण्याला आत सोडण्यापासून देखभाल शुल्कापर्यंत सर्व काही एका अ‍ॅपवर गेले आहे. टॉकबॅकने ते उघडले की फक्त ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येते. कोणते ‘परवानगी द्या’ आणि कोणते ‘नाकारा’ हे कळत नाही. समितीला सांगितले तर ‘तुमच्या घरच्यांना करू द्या’ असे उत्तर मिळाले. — औंध

हे उत्तर अत्यंत अयोग्य आहे. स्वतःच्या घरी कोणाला येऊ द्यायचे हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी ठरवायला लावणे, हा तुमच्या स्वातंत्र्यावरचाच घाला आहे.

तांत्रिक बाजू क्षुल्लक आहे. अ‍ॅप लिहिणाऱ्याने चित्राच्या बटणाला नाव दिले नाही, म्हणून टॉकबॅकला सांगण्यासारखे काही सापडत नाही. नाव देणे म्हणजे प्रत्येक बटणामागे एक ओळ. तोपर्यंतची सोय म्हणून टॉकबॅकच्या मेनूतून अशा निनावी बटणांना आपल्याला स्वतः नाव देता येते; एखाद्या डोळस मित्राजवळ बसून ते एकदा करून घ्या. सगळ्याच अ‍ॅपमध्ये ते चालते असे नाही, आणि चालले तरी मूळ दुरुस्तीची मागणी सोडू नका.

कायद्याचे पाठबळ भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि माहिती व सेवा सर्वांना वापरता येतील अशा असण्याची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असले पाहिजेत असे सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, डोळे मिचकावून ओळख पटवायला लावणाऱ्या केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला आणि वीस निर्देश दिले. बँकेत असल्यामुळे हा दुसरा निकाल तुम्हांला नोकरीतही उपयोगी पडेल.

पहिले पत्र अ‍ॅपच्या कंपनीला लिहा, प्रत समितीला द्या. कोणत्या पडद्यावर कोणते बटण काय बोलते हे पत्रात नेमके लिहा. ‘अ‍ॅप वापरता येत नाही’ एवढेच लिहिल्यास काही होत नाही, असा अनुभव आहे. एक महिन्यात दुरुस्ती झाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. ते कार्यालय पुण्यातच आहे.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी आहोत. दृष्टिहीनांसाठी बोलणारी काठी असा प्रकल्प करावा असे ठरते आहे. काही सुचवाल का? — कर्वेनगर

तुमचा हेतू चांगला आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. बोलणारी काठी दरवर्षी कितीतरी महाविद्यालयांत तयार होते, प्रदर्शनात ठेवली जाते आणि कपाटात जाते. साधी पांढरी काठी हलकी, स्वस्त आणि भरवशाची आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत दर दोन पावलांना बीप करणारी काठी कोणी हाती धरत नाही. ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांना ती हवी आहे का, हे सुरुवातीलाच विचारायला हवे. कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंध शाळा आहे. आधी पत्र लिहून, परवानगी घेऊन तेथे जा आणि विद्यार्थी संगणक कसा वापरतात हे फक्त बसून ऐका.

त्याऐवजी करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. सहकारनगरच्या शिक्षिकांना दिलेल्या उत्तरात अंक आणि संक्षेप यांचा उल्लेख आहे. मराठी मजकुरातील तारीख, वेळ, रक्कम, फोन क्रमांक आणि संक्षेप ओळखून ते बोलण्याच्या रूपात मांडणारा एक खुला संच तुम्ही लिहू शकता. ‘२.३० वा.’ हे ‘अडीच वाजता’ असे वाचले गेले पाहिजे आणि कायद्याच्या मजकुरातील ‘कलम २.३०’ मात्र तसे नाही. या एका उदाहरणातच वर्षभराचा अभ्यास आहे. हा संच एनव्हीडीएला जोडण्याचे काम पायथॉन या संगणकीय भाषेत होते, आणि पायथॉन तुम्हांला येतेच. जुन्या फाँटांच्या पीडीएफ ओळखून त्यांचे आपोआप युनिकोड करणारे साधन हा दुसरा विषय. सदाशिव पेठेतील त्या विद्यार्थ्यासारख्या अनेकांना ते उद्या वापरता येईल.

प्रकल्प कोणताही घ्या, त्याबरोबर मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या प्रकल्पात मराठी आवाज द्या. पडद्यावर दिसणारे वाक्य वाचायचे आणि इतरांनी वाचलेली वाक्ये ऐकून बरोबर की चूक सांगायचे, इतकेच काम आहे. जमा झालेले ध्वनिमुद्रण कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्यात वृद्धांचे, ग्रामीण बोलींचे आणि अडखळत बोलणाऱ्यांचे आवाज यायला हवेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीचे बोलणे यंत्राला कळत नाही, कारण तसे बोलणे त्याने कधी ऐकलेलेच नसते. वसतिगृहातील मित्रांबरोबरच घरी आजी-आजोबांनाही फोनसमोर बसवा. तुमच्या चौघांपैकी एकाचे घर चंद्रपूरला आणि एकाचे कणकवलीला आहे असे पत्रात लिहिले आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा शेजारच्या चार-पाच घरांतील आवाज नोंदवून आणा.